जेवायची जागा

जळगाव,
रविवार, २१ नोव्हेंबर १९९३

दादा,

नमस्कार. दिवाळीला धुळ्याला गेले होते, काल परत आले. आई-आबांची प्रकृती चांगली आहे. तू पाठवलेलं घड्याळ मिळालं. भाऊबीजेला आईने तुझा फोटो पाटावर ठेवला आणि मला ओवाळायला लावलं. काचेवर कुंकू सांडलं, ते मीच पुसलं.

घराचं काम पूर्ण झालं. आबांनी फोटो पाठवले आहेतच, पण तू नीट कळव म्हणालास म्हणून लिहिते. मधली खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत नऊ इंची, स्लॅबचा भार घेणारी होती. ती नुसती पाडून चाललं नसतं. स्लॅबला टेकू दिले, गर्डर बसवला, मग भिंत काढली. इसाक मिस्त्रींनी काम चांगलं केलं. स्लॅबला तडा नाही, मी स्टुलावर चढून पाहिलं. मागची कोठीची खोलीही स्वयंपाकघरात घेतली. आता बैठक, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर मिळून एकच मोठी खोली झाली आहे. बाहेरच्या दारात उभं राहिलं तरी गॅसवर काय शिजतंय ते दिसतं.

तू मस्कतहून पाठवलेल्या मासिकाच्या पानात होता तसाच ओटा केला. त्यात एक बदल माझा. ओट्यापाशी उभं राहणाऱ्याचं तोंड मी बैठकीकडे आणलं. वहिनी दिवसभर भिंतीकडे बघत भाकऱ्या थापायची. तिला टीव्ही दिसेल, कुणाशी बोलता येईल, असा हिशेब होता. ओट्याला लागून टेबल, सहा खुर्च्या, पलीकडे सोफा.

गल्लीतले सगळे बघून गेले. शेजारच्या ताईबाई दोनदा आल्या. म्हणाल्या, "आते तुम्हनं घर सिनेमाना घरना मायक दिखस." आबा येईल त्याला गर्डरखाली उभं करतात आणि पोरगा परदेशात, पोरगी इंजिनिअर, हे सांगतात. मी डिप्लोमा आहे हे सांगणं मी आता सोडून दिलं आहे. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, डाग पडतील म्हणून. टेबलाच्या मधोमध काचेच्या भांड्यात मेणाची फळं आहेत. त्यांच्यावर फोडणीचं तेल बसलंय आणि तेलावर धूळ. द्राक्षांना हात लावला तर बोट चिकटतं.

आबा टेबलावर जेवतात. जेवून झालं की ताटातच हात धुतात, चूळ भरतात आणि तीही ताटातच टाकतात. बेसिन त्यांच्या पाठीशी आहे, त्याचा पाइप मीच आखून दिला होता. पूर्वी ते ताट लगेच भिंतीआड जायचं. आता ते मेणाच्या फळांशेजारी तसंच राहतं, त्या पाण्यात शितं फुगतात, आणि बाकीचे जेवत असतात. वहिनी येऊन उचलून नेते. मला दोन घासांपुढे जाता आलं नाही. आईला वाटलं, जळगावच्या खानावळीने माझं पोट बिघडवलं.

आता फोटोत न आलेलं लिहिते. हे पत्र इथपर्यंत आणून मी एकदा फाडलं आहे.

आबा पूर्वी दिवसभर बाहेर ओसरीवर बसायचे. आत बसण्यासारखं काही नव्हतं. आता आत टीव्ही आहे, पंखा आहे, बघण्यासारखं घर आहे, म्हणून ते सकाळच्या पेपरपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत आत असतात. आणि आबा आत असले की वहिनी पदर काढत नाही, हे तुला माहीत आहे. भिंत होती तेव्हा ती आत पदर कमरेला खोचून काम करायची. आता तिचं तोंड दिवसभर त्यांच्याकडे आहे, कारण ओटा मी तसा फिरवला. पदर नाकापर्यंत. नायलॉनची साडी आणि खाली गॅस. कढईत काय चाललंय हे ती वरून बघत नाही, पदराखालून बघते. तळहातावर दोन ठिकाणी भाजल्याचे डाग आहेत. आबा खुर्चीतून तेल किती घातलं ते सांगतात. दूध उतू गेलं की तिच्याआधी त्यांना दिसतं.

आणि सासऱ्यासमोर सून जेवत नाही. हे तुलाही माहीत आहे, मलाही होतं. मी कागदावर सहा खुर्च्या काढल्या, प्रत्येकीमागे माणूस सरकायला किती जागा लागते ते मोजलं. ती कुठे जेवेल हे तू विचारलं नाहीस, मीही नाही. आधी ती सगळ्यांचं झालं की भिंतीला टेकून आत जेवायची. कोठीची खोली गेली. वरच्या तुमच्या खोलीत ताट न्यायचं तर जिना आबांच्या खुर्चीजवळून जातो.

पाडव्याला जेवणं झाल्यावर मला पाय धुवायला न्हाणीघरात जायचं होतं. कडी आतून. पाण्याचा आवाज नाही. वाटीचा आवाज आला, स्टीलची वाटी ताटाला लागते तसा. मी थांबले. कडी निघाली आणि वहिनी पदराखाली ताट घेऊन बाहेर आली. तोंडात घास होता. मला बघून तिने तो न चावता गिळला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत बादली पालथी घातलेली होती, ती बसायची जागा. फरशी ओली, साबणाची बुळबुळ तशीच. मोरीच्या जाळीत केसांचं गुंतवळ. फळीवर वाटीत आबांची कवळी पाण्यात ठेवलेली. त्या फळीखाली ती पाडव्याचं श्रीखंड-पुरी जेवत होती. भिंतीपलीकडे संडास आहे. त्याच्या दाराला खाली फट आहे, ती मीच हवा खेळावी म्हणून ठेवायला सांगितली होती.

मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "ताई, कोनले सांगू नका. आठेच मना घास उतरस."

दिवाळीपासूनचं नव्हे हे. तू सुट्टी संपवून गेलास आणि भिंत पडली, तेव्हापासूनचं आहे. तिला पाचवा महिना आहे, दादा. डॉक्टरांनी थोडं थोडं पण सारखं खा म्हणून सांगितलंय. सारखं खायचं तर सारखं न्हाणीघरात जावं लागेल, आणि तिथे आबांनाही जायचं असतं. म्हणून ती एकदाच जेवते. वजन वाढायला हवं होतं ते कमी झालं आहे.

मी आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मंग काय व्हयनं? आम्ही त् चुल्हामांगे उभा उभा खायेल शे." मग म्हणाली, न्हाणी रोज धुतलेली असते.

मग आबांना सांगितलं. ही चूक झाली. भाऊबीजेचा दिवस होता, मगनकाका सहकुटुंब जेवायला आले होते. मी आबांना बाजूला घेऊन सांगितलं, त्यांनी सगळ्यांसमोर उत्तर दिलं. "मी तिला कधी जेवू नको म्हटलं? टेबल काय माझ्या एकट्याचं आहे?" आणि त्यांनी तिला हाक मारली. समोरची खुर्ची ओढायला लावली. ताट वाढायला लावलं. "बस. जेव. माझ्यासमोर जेव. चारूची तक्रार आहे."

ती बसली. हनुवटीपर्यंत पदर. हात भातात घातला आणि तिथेच राहिला. आबा हात बांधून बघत होते. काका, काकू, त्यांची मुलं, सगळेच बघत होते. खोली अशी झाली आहे की कुठूनही दिसतंच. भातावरचं वरण थिजलं. शेवटी आबा म्हणाले, "बघ. बसवलं. आता काय घास भरवू?" मगनकाका हसले, मग सगळे हसले. आई आली आणि ताट उचललं. वहिनी उठून ओट्यापाशी गेली आणि पोळ्या लाटायला लागली. पदराच्या आत तिचा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या खोलीत न पाहणारं एक तरी माणूस हवं होतं.

त्या दिवसापासून ती न्हाणीघरातही बेताने जाते, कारण आता सगळ्यांना माहीत आहे.

माझं आबा ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील, घर तुझ्या पैशाने झालं आहे. त्यांना एवढंच लिही की जेवणाच्या वेळी त्यांनी बाहेर ओसरीवर बसावं आणि घरात वहिनीने पदर घेऊ नये. तुझ्या सहीने लिही. लवकर लिही.

चारू

*

जळगाव,
रविवार, २ जानेवारी १९९४

दादा,

पत्र मिळालं. नवीन वर्षाच्या शुभेच्छा पोचल्या.

फोटो तू तुझ्या खोलीतल्या सगळ्यांना दाखवलेस आणि केरळच्या एका मित्राला असंच घर बांधायचं आहे, हे वाचलं. त्याला नकाशा हवा आहे, हेही वाचलं. तो मी पाठवणार नाही.

वहिनीबद्दल तू लिहिलंस की नव्या घरात थोडं ॲडजस्ट करावं लागतं. आणि मी टेक्निकल बाई आहे, मी तरी भावनेच्या आहारी जाऊ नये. मग उपाय सांगितलास: तिकडे प्लास्टिकचं घडीचं पार्टिशन मिळतं, हुबेहूब लाकडासारखं. पाहुणे आले की उघडायचं, एरवी लावून ठेवायचं. म्हणजे शोभाही राहील आणि तिची सोयही होईल. गर्डरखालचं मोकळं माप मी उलट टपाली कळवावं.

त्याच टपालाने आबांनाही तुझं पत्र आलं. आईने फोनवर वाचून दाखवलं. त्यात टीव्हीच्या अँटेनाबद्दल होतं.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं. पेन्सिल खाली ठेवली आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. मला किळस आली. हा शब्द मी मागच्या पत्रात लिहिला नव्हता, तुला लागेल म्हणून. त्या ताटातल्या पाण्याची आली होती, पण ताट घासलं की स्वच्छ होतं. न्हाणीघर ब्रशने घासलं की तेही होतं. तू लांब आहेस, तुला ते दिसत नाही, असं मी धरून चालले होते. तुला मी सगळं लिहिलं, बादलीसकट लिहिलं. ते वाचून तुला सुचलं ते हे, की पाहुण्यांसाठी उघडायचं आणि तिच्यासाठी लावायचं. आणि त्याचं माप तू माझ्याकडे मागितलंस.

पार्टिशन लावलं तर काय होईल ते तुला सांगते. ती त्याच्याआड उभ्याने जेवेल. पाहुणे आले की ताट घेऊन पुन्हा न्हाणीघरात जाईल. आणि आबा म्हणतील, आता तर पार्टिशनही आणून दिलं.

वहिनी सध्या पारोळ्याला माहेरी आहे. सातवा लागला म्हणून कौतिकनाना येऊन बाळंतपणासाठी घेऊन गेले. धुळ्याला हे रीतीप्रमाणेच झालं असं वाटतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. आईने ओटी भरली. आबांनी निघताना तिला म्हटलं, नातू घेऊन ये.

काल मी पारोळ्याला जाऊन आले. कळवलं नव्हतं. दुपारची वेळ होती. अंगणात कापूस पसरलेला, नाना एका माणसाशी कापसाच्या भावाबद्दल बोलत बसले होते. ओसरीवर, रस्त्यावरून दिसेल अशी, वहिनी जेवत बसली होती. पाय लांब सोडलेले, पदर खांद्यावर, डोकं उघडं. कळण्याची भाकरी आणि ठेचा. बोटं चाटत होती. आत बघून ओरडली, "माय, आखो एक भाकर दे." तिचा आवाज मी तीन वर्षांत एवढा मोठा ऐकला नव्हता. नाना तिच्याकडे पाहत नव्हते. तो माणूसही पाहत नव्हता. तिच्या आईने भाकरी आणून ताटात टाकली आणि आत गेली. मलाही ताट वाढलं. मी पोटभर जेवले.

जेवल्यावर तिने मला सांगितलं, आणि तुला कळवायला सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहिते, मराठीत करत बसत नाही. "त्या घरमा मी आते जावाव नही. त्यासले सांगा, जठे मी बशीसन जेवसू तठे लई जा."

ती रडली नाही. नानांना तिने हे अजून सांगितलेलं नाही. बाळ झाल्यावर सांगणार आहे. नाना काय म्हणतील याचा तिने विचार केला आहे. ते तिला परत धाडायला निघाले तर माझ्याकडे एक खोली आहे आणि मी तसं तिला सांगितलं आहे.

म्हणजे मार्चपर्यंत तुझ्याकडे वेळ आहे. तू तिला तिकडे बोलाव, नाहीतर इकडे ये आणि वेगळं घर कर. दोन खोल्यांचं चालेल. मी बघून देईन, आणि त्यात काय कुठे असावं हे तिला विचारून ठरवीन.

माप मी कळवणार नाही.

या पत्राचं उत्तर मला लिहू नकोस, तिला लिही. ती दहावी झालेली आहे, तिला वाचता येतं. लग्नाला तीन वर्षं झाली, तिच्या नावाचं एकही पाकीट त्या घरात आलेलं नाही, असं ती सहज बोलता बोलता म्हणाली. पत्ता माहीत नव्हता असं होऊ नये म्हणून खाली स्वच्छ अक्षरात देते.

सौ. कोकिळा
द्वारा श्री. कौतिक वना पाटील
मु. पो. पारोळा, जि. जळगाव

चारुशीला