सुन्यानं उचललेली बंदूक

मंगळवार, संगमनेर. दिवेलागण.

किळस आली सुन्याची. कसला मित्र? गेममध्ये मी जखमी होऊन पडलोय, हाका मारतोय, आणि हा मी मरायची वाट बघत उभा! मेल्यावर माझी बंदूक उचलून खिदळत पळाला. रोज हेच. शी!

तिरमिरीत अनोळखी टीममध्ये शिरलो. तिथंही पडलोच. तिसगावची एक बाई होती, माइकवर तिच्या मागं म्हशी रेकताना ऐकू येत होत्या. "हलू नका दादा, मी आले," म्हणत गोळीबारातून धावत आली, मला उठवलं आणि स्वतः मेली. वर म्हणते, "आसू द्या, मला धारा काढायच्याच हायेत."

किती दिवसांनी खेळताना हसलो!

आत्ता सुन्याचा मेसेज : ये, बंदूक देतो.

थू त्या बंदुकीवर. तिच्या धारा झाल्या असतील का?