गुरुवारच्या पाच जणांचा अभ्यास

२ मे, गुरुवार

कौन्सिलचं पत्र आलं. आमच्या वाचन-मंडळाकडून गुरुवारचा हॉल काढून पिलाटीसचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईला द्यायचा विचार आहे. म्हणजे जिथे दर वसंतात फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे बायका घट्ट विजारी घालून पाय वर करून पडणार. शी.

लगेच फोन केला. टॅम्सिन नावाची मुलगी बोलली. म्हणाली, नोला, गावाला मंडळाची गरज आहे हे दाखवा. आकडे हवेत आणि लोकांचे अनुभवही हवेत. दोन्ही एकमेकांशी जुळले तर हॉल तुमचा. मुदत ३१ तारखेची.

सोपं आहे. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, पण वाचन सुटलेलं नाही.

४ मे, शनिवार

लायब्ररीतून संशोधन-पद्धतीवरचं पुस्तक आणलं. तीनशे पानं. सार एवढंच की आकडे 'किती' ते सांगतात, बोलणं 'का' ते सांगतं, आणि दोन्हींचं एकमत झालं की खरं सापडतं. माझ्या नवऱ्याने, क्लेमने, हे गाडी दुरुस्त करताना खाली आडवं पडून एका वाक्यात सांगितलं असतं. त्याला जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं झाली.

अंदाज लिहून ठेवला: 'गावातल्या एकट्या पडलेल्या लोकांना मंडळाचा आधार आहे.' मी स्वतः या अभ्यासात नाही. मी संशोधक.

९ मे, गुरुवार

मंडळात प्रश्नावली वाटली. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन, 'अतिशय वाईट'पासून 'उत्कृष्ट'पर्यंत. पाचही जणांनी सगळीकडे मधल्या चौकोनावर खूण केली. या गावात माणसाचा पाय तुटला तरी तो 'ठीक आहे' म्हणतो. अशा लोकांचं मोजमाप करायचं कसं? सरासरी तीन. किळसवाणा आकडा.

पुस्तकाबद्दल मात्र एकमत. या महिन्यात जाड रशियन कादंबरी होती. शेवट जरा उदास वाटला, असं पाचही जण म्हणाले. वाचकांची जाण वाढते आहे.

११ मे, शनिवार

हजेरीची वही काढली आणि उठून उभीच राहिले. अठ्ठ्याण्णव गुरुवार. दर गुरुवारी बरोबर पाच जण. कधी चार नाहीत, कधी सहा नाहीत. गहू कापणीच्या दिवसांत पाच. त्रेचाळीस डिग्री ऊन होतं त्या दिवशीही पाच. चेहरे बदलतात, संख्या बदलत नाही. पुस्तकात म्हटलंय की माणसांच्या वागण्यात इतकी नियमितता क्वचित आढळते.

टॅम्सिनला कळवलं: 'असामान्य निष्ठा.' पिलाटीसवाल्या बाईने दाखवावी अशी.

१४ मे, मंगळवार

मुलाखती सुरू. पहिली एल्वा, शेजारीण. मंडळातून तुला काय मिळतं, विचारलं. तिने ओव्हन उघडून बघितला. मग म्हणाली, चहा बरा असतो. म्हटलं, अगं, चहा तुझ्या घरीही बरा असतो, मग येतेस का? तर म्हणाली, या महिन्यात माझे दोन गुरुवार आहेत ना. आणि घाईघाईने माझ्या हातात सारण भरलेली गरम पेस्टी कोंबली. मांस कमी, बटाटाच बटाटा. तिच्या हाताला चव कधीच नव्हती.

नोंद: 'सहभागी व्यक्ती गुरुवारांना स्वतःचे मानते. आपलेपणा तीव्र.'

१७ मे, शुक्रवार

दुसरी मुलाखत वॉलची. आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरली, आता गुडघे गेले. कादंबरीतलं कोणतं पात्र जवळचं वाटलं, विचारलं. म्हणाला, बाई, माझा जीव का खातेस? मी ते पुस्तक उघडलेलं नाही. कुणीच उघडलेलं नाही. जा, डल्सीच्या फ्रीजवर बघ, सगळं लिहून लावलंय तिने.

लाज नाही मेल्याला. नोंद केली: 'सहभागी व्यक्ती थकलेली, उत्तर ग्राह्य नाही.'

१८ मे, शनिवार

मंडळातल्या डल्सीकडे गेले. केवळ वॉलला खोटं पाडायला.

फ्रीजवर पाळ्यांचा तक्ता. असा तक्ता इथे कोणाचंही माणूस गेलं की लागतो. सहा आठवडे रोज कुणीतरी कालवणाचं भांडं पोचवायचं. मीही कितीदा पोचवलंय. पण या तक्त्यावर वर लिहिलं होतं 'नोला, गुरुवार', आणि खाली नावं, दर आठवड्याला पाच. अदलाबदल लाल शाईत. तळाशी सूचना: 'पुस्तकाबद्दल विचारलं तर म्हणावं, शेवट जरा उदास वाटला.'

डल्सी म्हणाली, अगं, सहा आठवड्यांनी थांबवणारच होतो. पण तू नेमका तेव्हाच हॉल मागितलास आणि म्हणालीस, गावात एकटी माणसं फार आहेत, त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय. आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. मग थांबवूया असं कोणी म्हणालंच नाही.

मी म्हटलं, हे फसवणं झालं. ती म्हणाली, हो. चहा घेतेस?

घेतला नाही.

२१ मे, मंगळवार

वीट आला. गावाचा, तक्त्याचा, संशोधनाचा. आकडे आणि बोलणं शेवटी जुळलं. पुस्तकात या क्षणाला फार आनंदाचा म्हटलंय. लेखकाला घरी बोलावून एल्वाची पेस्टी खायला घालावी.

३० मे, गुरुवार

आज मंडळ. पाच. शेवट उदास वाटला.

अहवाल दोन तऱ्हांनी लिहिता येतो. अठ्ठ्याण्णव गुरुवार, पाच जण, 'असामान्य निष्ठा', एल्वाचा 'आपलेपणा'. एकही शब्द खोटा नाही, आणि हॉल मिळेल. तेच टाईप करत होते. शेवटच्या पानावर 'गरज असलेल्या व्यक्तींची संख्या' असा रकाना आहे. तिथे 'पाच' लिहिलं. खोडलं. 'एक' लिहिलं. मग बाकीची पानंही पुन्हा लिहावी लागली.

४ जून, मंगळवार

टॅम्सिनचा फोन. म्हणाली, नोला, इतका प्रामाणिक अहवाल आमच्याकडे कधी आला नव्हता. हॉल अर्थात पिलाटीसला. पण एका व्यक्तीसाठी आमची घरभेटीची योजना आहे. स्वयंसेविका येईल, पाऊण तास गप्पा मारेल. फॉर्म पाठवू का? म्हटलं, त्या व्यक्तीला विचारून सांगते.

६ जून, गुरुवार

हॉल गेल्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. दहाला, मंडळाच्या वेळी, घरीच बसले होते. दहा वाजून वीस मिनिटांनी दार वाजलं. हॉलवर जाऊन, पिलाटीसवाल्या बायकांचे पाय बघून पाच जण इकडे आले होते. एल्वा म्हणाली, नोला, तिथलं दृश्य बघवत नाही गं. त्याबाबत आमचं खरंखुरं एकमत झालं.

पुस्तक कोणी आणलं नव्हतं, मी काढलंही नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या कमी पडल्या. वॉल गुडघे धरत उठला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन क्लेमच्या आरामखुर्चीत बसला. दोन वर्षांत तिच्यात कोणी बसलेलं नाही. मी त्याला चहा तिथेच नेऊन दिला.

वॉल एल्वाच्या पेस्टीचा चुरा सगळा खुर्चीच्या गादीवर सांडून गेलाय. शी.

अजून झाडलेला नाही.