आईच्या पाण्याचा प्रश्न

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. त्यातला एकच सध्या पाठवते, बाकीचे तू वागशील तसे मिळतील.

काल आईकडे गेले होते. स्वयंपाकघरात पाय ठेवते तर ओट्याच्या वर, भिंतीला, निळा दिवा लावून तुझं ते यंत्र बसलेलं. मला विचारायचं सोड, आईलाही विचारलं नाहीस. तुझा माणूस आला, डब्यांची फळी उतरवली, भिंतीला भोकं पाडली आणि गेला. आता डबे जमिनीवर आणि फिल्टर डोक्यावर. तू पंपांच्या कारखान्यात साहेब आहेस हे सगळ्यांना मान्य आहे, म्हणून आईचं घर म्हणजे काही तुमचं गोदाम नव्हे.

मी जार लावून दिलेत ना तिला? दुकानदार घरपोच आणतो, स्टँडवर चढवून देतो, तिने फक्त तोटी फिरवायची. मग मधेच तुला अक्कल पाजळायची काय गरज होती? फोन करून विचारणार होते, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. आणि आईला फोनवर अर्धं ऐकू येतं, उरलेलं ती ऐकत नाही. कागदावर निदान कोणाला मधे तोंड घालता येत नाही.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते पुन्हा लिहिते, कारण तू सोयीस्कर विसरतोस. आईला मूतखडा आहे आणि लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतोय. औषधापेक्षा पाणी महत्त्वाचं, भरपूर पोटात गेलं पाहिजे. पुढच्या तपासणीतही असंच निघालं तर त्यांना एकटं ठेवू नका, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आईने ते ऐकलंच. नको ते तिला बरोबर ऐकू येतं. तेव्हापासून एकच धोशा, मी माझं बाइंडिंगचं टेबल सोडून कुठेही येणार नाही, आणि ताई, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा तुझ्या जिन्यातून वर चढायचा नाही. म्हणजे हिशेब सरळ आहे. पाणी प्यायली तर ती तिच्या घरी राहील, नाही तर मी तिला उचलून माझ्याकडे आणेन.

आणि तुझ्या फिल्टरचं पाणी ती पीत नाही. मला स्वतः म्हणाली की त्या पाण्याला चवच नाही, घशाखाली उतरत नाही. तेव्हा तोच माणूस परत पाठव, यंत्र उतरव आणि भोकं बुजवून दे.

लोभ आहेच, सध्या राग त्याच्या वर बसलाय.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकट्याचा सा. न. वि. वि. मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र मिळालं. सवयीने उभं राहूनच वाचलं.

फिल्टर उतरवणार नाही. तू ज्या जारचं एवढं कौतुक करतेस तो कधी उन्हाला धरून बघितलास? आमच्या कारखान्यात येतो तो मी बघितलाय, बुडाशी हिरवा थर होता. झाकणावर प्लास्टिकचा पट्टा लावला की आतलं पाणी शुद्ध झालं, असं तुला कोणी सांगितलं? जार कुठे भरला, कोणी धुतला, धुतला की नाही, काही पत्ता नाही. शिवाय एकदा दुकानदार आला नाही तेव्हा भावोजींनी फाटकापासून जार आत नेला आणि कंबर धरून बसले, हे तू मला लिहिलं नाहीस. ते मला भावोजींकडूनच कळलं, आणि सांगताना बिचारे कण्हत होते.

आता चवीचं. आईने मला काय लिहिलंय ते ऐक. ताईच्या पाण्याला प्लास्टिकचा वास येतो, तोंडाजवळ नेलं की मळमळतं. तिच्या अक्षरात आहे, हवं तर पाठवतो. आई कोणाच्या बाजूने आहे हे यावरून शेंबड्या पोरालाही कळेल.

आणखी एक. तिथला रस्ता खणलाय, महिनाभर नळाला गढूळ पाणी येतंय. अशा पाण्यात फिल्टरची पांढरीशुभ्र गाळणी बघता बघता तपकिरी होते. विश्वास नसेल तर जाऊन उघडून बघ, किती घाण अडवली आहे ती. मग माझी माफी माग. फार लांबलचक नको, एक ओळ पुरे.

आणि आईला उचलून आणायची भाषा जरा कमी कर. तुम्ही दोघी एका छताखाली आलात तर आठ दिवसांत एकमेकींना खाल, आणि मधे भावोजी सापडतील.

भावोजींना नमस्कार, कमरेला शेक. लोभ वाढव, आवाज कमी कर.

तुझा धाकटा


१४ फेब्रुवारी

चि. ताईस,

आईचे अ. उ. आ. तुम्हा सर्वांची खुशाली कळत असते, भांडणाचीही कळते.

मी उत्तम आहे. तुझं जारचं पाणी छान आहे, तू सांगितलंस तसंच पिते. धाकट्याचं यंत्र मात्र मला जमत नाही, पण त्याला तसं लिहू नकोस, पोरगं मनाला लावून घेतं. डॉक्टरीणबाईंना सांग, मी सगळं ऐकते आहे.

या रविवारी येऊ नकोस. एका ग्रंथालयाचे जुने शब्दकोश बांधायला आलेत. पाठी निखळलेल्या, पानं सुटलेली, वाळवीने कोपरे खाल्लेले. टेबलावर, खुर्चीवर, पलंगावर खळ लावलेले कागद पसरलेत, तुला बसायला जागा नाही. पुढच्या रविवारीही ते वाळत असतील. माणसं अजून घर शोधत येतात ग माझं. काल एक गृहस्थ किती लांबून आले, नुसतं विचारायला, की बाई अजून काम घेतात का. मी म्हटलं, घेतात.

पाण्यावरून भांडू नका. दोघांचंही पाणी चांगलं आहे. जावईबापूंना म्हणावं, वाकून काही उचलू नका.

माया आहेच, ती कुठे जाते.

तुझी आई


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. येऊ नकोस म्हणाली, म्हणून गेले. तिचं येऊ नकोस मला पहिल्यापासून खटकतं.

तू म्हणालास उघडून बघ, तर मी पुरावा गोळा करायलाच गेले होते. ती घाणेरडी गाळणी बाहेर काढायची, फोटो काढायचा आणि तुला पाठवून विचारायचं, की हे गाळ बसलेलं पाणी आईला पाजतोस का. आई बाहेरच्या खोलीत शब्दकोशाला टाके घालत होती. मी स्टुलावर चढले, झाकण फिरवलं, अर्धं पाणी अंगावर घेतलं आणि गाळणी काढली. पांढरीशुभ्र. तुझ्या माणसाने बसवली तशीच्या तशी.

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. म्हटलं, आई फिल्टरला हातसुद्धा लावत नाही, जिंकले मी. भिजल्या अंगाने स्टुलावरून उतरले आणि समोर जार दिसला. झाकणावरचा पट्टा तसाच, तुटलेला नाही. मागच्या खेपेला मी समोर उभं राहून स्टँडवर चढवून घेतला होता, तोच. दुकानदाराला जाऊन विचारलं तर म्हणाला, बोलावल्याशिवाय येऊ नका असं बाईंनीच सांगितलंय.

मग ही बाई पिते काय? उलटसुलट विचारलं तेव्हा निघालं. सकाळ-संध्याकाळ कपभर चहा, आणि गोळी गिळायला घोटभर उकळलेलं पाणी. संपलं. तुला सांगते जारला वास येतो, मला सांगते फिल्टरला चव नाही. ज्याच्या कानाला जे गोड लागेल ते त्याला. आणि आपण दोघं दीडशहाणे तिची वाक्यं एकमेकांच्या तोंडावर मारत बसलोय.

का पीत नाहीस म्हटलं, तर तहान लागत नाही म्हणे. मग मी ओरडले. शेजारच्या बाई खिडकीत आल्या इतकी ओरडले. ती मान खाली घालून टाके घालत राहिली. शेवटी चहाला उठली ती भिंत धरून धरून. मी म्हटलं, बघ, पाण्यावाचून पायातला जोर गेला. मी हात टेकले.

नवा रिपोर्ट आलाय, आधीच्यापेक्षा वाईट. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी गाडी घेऊन जाते आणि तिला घेऊन येते. तिला तसं सांगून आले आहे. फाटे फोडू नकोस, माझ्यात आता भांडायचं त्राण नाही.

तुझी ताई


२७ फेब्रुवारी

चि. ताई आणि चि. धाकटा,

दोघांना सारखे अ. उ. आ. हेच पत्र दोनदा लिहून दोघांना पाठवते आहे, शब्दाला शब्द. म्हणजे या वेळी एकमेकांकडून वेगळं काही कळायला नको.

तुमच्या पाण्याने मला वीट आणलाय. कुठलं पाणी पितेस, कुठलं आवडतं, कशाला वास येतो. सगळं विचारलंत, आणि उत्तर मात्र फिल्टर नाही तर जार, एवढंच हवं होतं. म्हणून मी ते दिलं. ज्याला जे हवं ते दिलं आणि सुटले असं वाटलं. सुटले नाही.

मला तहान लागते. खूप लागते. पण पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि आपला संडास मागच्या अंगणात, पायऱ्या उतरून. जानेवारीत मी तिथे पडले. खालच्या पायरीचा कोपरा तुटलाय आणि तिच्यावर शेवाळ असतं. घसरले तशी कपडे वाळत घालायची दोरी धरली, तर दोरीच सुटून हातात आली. उजव्या कुशीवर आदळले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. बसल्या बसल्या सरकत पायरीशी आले, पायरी धरून उठले, आत येऊन लुगडं बदललं आणि कामाला बसले. कोणी बघितलं नाही. बरं झालं असंच वाटलं.

तेव्हापासून त्या पायऱ्यांची धास्ती बसली आहे. सकाळी चांगलं उजाडलं की एकदा जाते आणि दिवस मावळायच्या आत एकदा. मधे लागू नये म्हणून पीत नाही. ओठ सुकले की जिभेने ओले करते. आता हे कोणाला सांगायचं? धाकट्या, तुला काय लिहू, की तुझ्या आईला संडासला जायची भीती वाटते? लाज वाटली रे.

आणि ताई, तुला सांगणार होते. पण जमिनीवर बसले होते ना, तेव्हा कुशीतली कळ नंतर आली, आधी मनात हेच आलं की आता ताई ओरडणार. म्हणून तोंड मिटलं ते मिटलंच.

मला इथून हलवू नका. तुमची घरं चांगली आहेत, तुम्ही मला हातावर झेलाल, माहीत आहे. पण तिथे दारात येऊन बाई आहेत का असं कोणी विचारायचं नाही. इथे विचारतात. गाडी आणायचीच असेल तर आण, मी उंबऱ्यावर बसून राहीन, उचलून न्यावं लागेल.

सगळं सांगून टाकलं. आता चिडा.

तुमची आई


१ मार्च

ती. ताईस,

सा. न. आईचं पत्र वाचलं. बायकोला वाचायला दिलं. तिने वाचून एवढंच विचारलं, की मग इतके दिवस तुम्ही दोघं कशावरून भांडत होता.

मी शनिवारी येतोय. गवंडी ठरवलाय, त्याला मापं तूच दे. पायरी आधी दुरुस्त करू आणि दोन्ही बाजूंना धरायला लोखंडी नळ्या बसवू. पण तो झाला तात्पुरता इलाज. आतल्या अडगळीच्या खोलीत संडास होऊ शकतो, मी नकाशा काढून बघितला, पाइप बाहेरच्या भिंतीने नेता येतील. पंपाच्या कारखान्यात राहून मी ही गोष्ट आधी करायला हवी होती. भिंतीला भोकं पाडली ती भलत्याच ठिकाणी.

रविवारी गाडी आणायचीच असेल तर तीत सिमेंट घालून आण. आईला नेऊ नकोस, ताई. आधी हे करून बघू.

तुझा धाकटा


२२ मार्च

ती. आईस,

सा. न. वि. वि. इकडे सर्व ठीक, तुझ्या जावयांची कंबर सोडून. सिमेंटची पोती त्यांनीच उचलली, कोणी सांगितलं नव्हतं.

आतल्या संडासाचं दार काल बसलं, हे धाकट्याने मला दोनदा कळवलं, जणू त्याने पूल बांधलाय. डॉक्टरीणबाईंनाही भेटून आले. रिपोर्ट सुधारायला लागलाय, इतक्यात हलवायची गरज नाही, पण पाणी चालू ठेवा म्हणाल्या. चालू ठेवा म्हणजे ठेव. धाकटा म्हणतो, तू ना त्याचा फिल्टर वापरतेस ना माझा जार, आपलं नळाचं पाणी उकळून फडक्याने गाळून पितेस, आणि जारच्या स्टँडवर शब्दकोश ठेवले आहेस. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मी त्याला म्हटलं, गप्प बस, ती पिते आहे ना. तू कुठलंही पी, पण पी.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तू पडलीस याचा राग नाही. आमच्याशी खोटं बोललीस त्याचाही उतरला. पण तू तशी जमिनीवर बसलेली असताना तुला माझं ओरडणं आठवलं, मी आठवले नाही, हे मला फार लागलं. शाळेत माझी पावलं वाजली की वर्ग चिडीचूप होतो. इतकी वर्षं मी त्याचा अभिमान बाळगला. माझी आईही तशीच गप्प होईल असं कधी वाटलं नव्हतं. पत्र वाचून त्या दिवशी शाळेत गेले नाही.

यापुढे ओरडणार नाही असं लिहिणार होते. लिहिलं, वाचलं आणि फाडलं, कारण ते माझ्याने व्हायचं नाही आणि तूही विश्वास ठेवायची नाहीस. तेव्हा जे जमेल तेच लिहिते. पुन्हा पडलीस, अडलीस, नुसती घाबरलीस तरी आधी मला हाक मार. मी ओरडेन. दारातून आत येईपर्यंत ओरडत येईन. पण येईन, आई.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई