आधी हेड काढ

लास्टोवो, ११ मार्च, सकाळ

येर्कोदादा,

हातातला पाना खाली ठेव. आधी हे वाच, मग काय ते भांड.

प्रवास बरा झाला ना, वहिनीचा खोकला गेला का, हे सगळं विचारलं असं समज. बाबा ठीक, गुडघा तसाच. फेरीबोटीतून उतरून तू घरी न जाता थेट शेडमध्ये येणार हे माहीत होतं, म्हणून पत्र होडीच्या इंजिनावरच ठेवलंय.

इंजिन बंद पडल्यापासून बाबांचा हेका तोच. वरवर करा, गास्केट बदला, इंजेक्टर साफ करा, हिरवा रंग मारा. येर्कोने पैसे खाऊन स्प्लिटहून धाडलेल्या जुन्या भंगारात नवे पिस्टन घालायचे म्हणजे मेलेल्याच्या दाताला सोन्याची टोपी, म्हणतात. शिमेकाका त्यांच्यावर वरचढ. "हेडचं झाकण काढून आत बघितल्याशिवाय मी रंगाला हात लावणार नाही. मेकॅनिक आहे मी, न्हावी नाही." तीन दिवस हे चाललं. शेवटी दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणाले, वरवर.

फोनवर तू विचारलंस, "पेरिना, तूपण मला चोर समजतेस?" मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं.

हेड काढलंस की आत मीठ दिसेल. पाण्याच्या वाटा पार चोंदल्या असतील. इंजिन बसवलंस तेव्हा तू बजावलं होतंस, समुद्रावरून आल्यावर दर वेळी दोन बादल्या गोडं पाणी आत सोडायचं. मी मान डोलावली होती.

पण गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात मेपासून पावसाचा थेंब नाही. घराखालच्या टाकीतलं पाणी गुडघ्यापर्यंत आलं, आणि वरच्या दोन खोल्यांतले झेक पाहुणे दिवसातून तीनदा अंघोळ करणारे. पाहुण्यांना द्यायचं की इंजिनाला? या बेटावर कोणीही पाहुण्यांनाच दिलं असतं. बाबा धक्क्यावरून ओरडायचे, "पाजलंस का?" मी ओरडायचे, "पाजलं."

इथेच थांबणार होते मी. एवढं वाचून तू म्हणाला असतास, जाऊ दे, दुष्काळ होता.

गेल्या वर्षी टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती, दादा. तरी मी पाजलं नाही.

आई गेली तेव्हा मी दोन आठवड्यांसाठी आले होते. पाच वर्षं झाली. बाबांना एकट्याने जाळी ओढवत नाहीत, मग रोज पहाटे मी. हात बघ माझे, नको, बघू नकोस. तू इंजिन बसवून टाळी वाजवलीस, म्हणालास, वीस वर्षं बघायला नको. बाबा हसले. मी मनात वय मोजलं. त्यानंतर दर वेळी बादली उचलली की तुझी ती वीस वर्षं आठवायची. मी पाणी शेडमागच्या अंजिराला ओतायचे. अंजीर काय फोफावलंय बघ.

इंजिन गेलं की मी सुटले, एवढाच हिशोब होता. बाबा तुला दोष देतील हे डोक्यातच आलं नाही. नाताळात तुझा फोन आला आणि ते उठून अंगणात गेले, परत काही आलेच नाहीत. मी बटाटे सोलत होते. सोलतच राहिले.

तर वरवर करू नकोस. वरून रंग मारलास तर तो रंग माझ्यावर बसेल, आणि मी त्याखाली इथेच कुजेन. हेड काढ. बाबांना बोलाव, त्यांचं बोट धरून त्या मिठावर ठेव आणि सांग कोणी केलं. शिमेकाका म्हणतो खालचा ब्लॉक बहुतेक वाचेल. वाचला तर पूर्ण खोलून नव्याने बांधा, नाहीतर विका. नंतर जाळी कोण ओढणार तेही तुम्ही दोघं बघा. मी त्यात नाही.

बाबांना मी तोंडावर सांगायला हवं होतं. काल रात्री जेवताना दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, मीठ दे.

तू ज्या फेरीने आलास ती अर्ध्या तासात परत सुटते, माझ्यासकट. तू उतरशील तेव्हा मी ट्रकांच्या मागे उभी असेन. बारीक झालायस का, ते लांबूनच बघेन. हाक मारणार नाही, मारली तर तू माझी बॅग घेऊन मला घरी आणशील.

धावत येऊ नकोस. भोंगा झाला असेल.

दाराशी दोन बादल्या ठेवल्यात. गोड्या पाण्याच्या, भरलेल्या.

तुझी,
पेरिना