बोरूने उतरवलेला सोनाटा

॥ श्री ॥
अकोला, कार्तिक शु. ६, शके १७८६

ती. बापूसाहेब काकांचे चरणी कमलाकांतचा सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला असा भाव आला आहे की गाड्यांच्या रांगेतून रस्ता ओलांडायला घटका लागते. जर्मन साहेबाच्या कापूस-खरेदीच्या कचेरीत मी कारकुनी करतो, हे काकूला अजून रुचले नसेल. तरी तिला नमस्कार सांगावा.

पत्राचे कारण निराळेच आहे. साहेबांच्या मडमेने मुंबईहून बैलगाडीवर पियानो आणवला आहे. भली थोरली काळी पेटी, पट्ट्या दाबल्या की आत तारा वाजतात. बाईंचा धाकटा भाऊ छातीच्या दुखण्याने गेला. त्याने एकट्या पियानोसाठी चार भागांची लांब चीज रचली होती, तिला सोनाटा म्हणतात. छापखानेवाल्यांनी ती परत पाठवली, मैफलीत कोणी वाजवली नाही. त्याच्या हातची ती एकच प्रत बाई लाल फडक्यात बांधून ठेवतात, हात धुतल्याशिवाय सोडत नाहीत. आता तिला वाळवी लागली. स्वतः उतरवायला बसल्या की त्यांचे डोळे भरून येतात. पोथ्या उतरवण्यात माझ्या काकांसारखा हात साऱ्या वऱ्हाडात नाही, असे मी बोलून बसलो! तिकडे येणाऱ्या किसनरावांच्या गाडीने पाने पाठवली आहेत. नक्कल करून द्यावी.

माया आहे तशीच ठेवावी, ही विज्ञापना.

॥ श्री ॥
अमरावती, मार्गशीर्ष व. २

चि. कमलाकांत यास बापूचे अ. उ. आशीर्वाद.

काम झालं. पण बाबा, हे कोणतं लिहिणं म्हणावं! पाच रेघा, अन् त्यायच्यावर शेपटीवाले मुंगळे चढून राहिले. काही पोकळ, काही भरलेले. पोकळाचा अर्थ काय? एका शेपटीले तीन-तीन झेंडे काहून? बाईले विचारून लिही, मले चैन नाही. तुझी काकू म्हणते, या वयात मुंगळे काढत बसले. तिनं मले देवघरात बसू देलं नाही, ओसरीवर बसवलं, अन् रोज लिहिण्यावरून उठल्यावर आंघोळ करायले लावली. एवढ्या थंडीत!

अक्षर कोणतं अन् शाईचा डाग कोणता, मले काय कळते? म्हणून दिसलं तसं सारं उतरवलं. खोडलेलं खोडलेलंच ठेवलं. एका कोपऱ्यात मांजरावानी काहीतरी होतं, तेही सुरातच मोडत असंल म्हणून काढलं. शेवटच्या पानानं मात्र लई छळलं. त्या एका पानाले तीन दिवस लागले.

नक्कल किसनरावाच्या गाडीनं निघाली आहे. जीर्ण पोथीची बोळवण आपल्या रीतीनं केली. फुलं वाहून, हात जोडून, लाल फडक्यासकट पेढी नदीच्या डोहात सोडली. शेजारचा उत्तमराव संगं होता. परक्याची असली तरी पोथीच ती, मान राखला म्हणून सांग बाईले.

तब्येतीले जप, अन् पत्र लवकर टाक, हे काकूचंही सांगणं.

॥ श्री ॥
अकोला, मार्गशीर्ष व. ९

ती. काकांचे चरणी सा. न. वि. वि.

काका, घात झाला! बाईंना मूळ पाने परत हवी होती. नक्कल वाजवायला घ्यायची आणि मूळ पाने पत्र्याच्या पेटीत जपायची, असे ठरले होते. ते मी तुम्हाला लिहिलेच नाही. उतरवलेली जुनी पोथी पाण्यात सोडतात, हे लहानपणापासून पाहिलेला मी, आणि मलाच ते सुचू नये! भावाच्या हातचे दुसरे चिठोरेही त्यांच्याजवळ नाही.

डाकेने तुमचे पत्र आले, गाडी अजून यायची आहे. बाई रोज विचारतात, मी गाडी वाटेत अडली म्हणतो. नोकरी जाईल ती जावो, पण त्या बाईंना तोंड कसे दाखवू? काय करू ते लवकर कळवावे.

तुमचा अपराधी, कमलाकांत.

॥ श्री ॥
अमरावती, मार्गशीर्ष व. १३

चि. कमलाकांत यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तसाच उत्तमरावाले घेऊन डोहावर गेलो, भोयांकडून जाळं टाकवलं. फडकं निघालं. पानांचा लगदा झाला होता. फडकं काकूनं धुऊन वाळवलं, ते या पत्रासंगं पाठवतो. ती दोन दिवस नीट जेवली नाही.

बाईसंगं खोटं बोलू नको. माझं नाव घेऊन सांग. जन्मभर दुसऱ्याचं लिहिलेलं जपलं, अन् एका बहिणीजवळचं भावाचं शेवटचं अक्षर मीच बुडवलं. देतील ते शासन मले कबूल आहे. मुंगळ्यांचं आता काही विचारू नको.

तुझा काका, बापू.

॥ श्री ॥
अकोला, पौष शु. ३

ती. काकांचे चरणी सा. न. वि. वि.

नक्कल परवा पोचली, गाडी खरेच वाटेत अडली होती. तुमच्या सांगण्याप्रमाणे सारे खरे सांगितले आणि फडके पुढे ठेवले. साहेब माझ्यावर खेकसले, उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. बाईंनी हात धुऊन गठ्ठा सोडला.

एकेक पान उलटता उलटता त्या थांबल्या आणि एकदम हसल्या. काका, ते मांजर सूर नव्हते. ते त्यांचे लहानपणचे मांजर, बहिणीला चिडवायला भावाने काढलेले! पुढे एका डागावर बोट ठेवून म्हणाल्या, इथे त्याची कॉफी सांडली होती. मग शेवटचे पान आले. तुझ्या काकांचा हात कापतो काय, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, साठी उलटली तरी त्यांची रेघ हालत नाही, या पानाला तीन दिवस लागले असे लिहितात. तेव्हा मात्र बाईंना रडू आवरेना. ते पान भावाने शेवटच्या आठवड्यात लिहिले, त्याचा हात असाच कापत होता, असे म्हणाल्या. हे त्याचेच अक्षर आहे, असे साहेबांना दोनदा सांगितले. माझी नोकरी राहिली.

पोकळ मुंगळा म्हणजे सुरावर थांबायचे, झेंडे म्हणजे पळायचे. बाकीचे त्या तुम्हालाच सांगणार आहेत. आजवर ही पाने दुसऱ्या कोणी उघडून धड पाहिली नाहीत, तुम्ही महिनाभर पाहिलीत. म्हणून तुम्ही समोर बसल्याशिवाय सोनाटा वाजवायचा नाही, असे बाईंनी ठरवले आहे. लवकर यावे.

पायांपाशी जागा असू द्यावी, एवढेच मागणे.

॥ श्री ॥
अमरावती, पौष शु. ८

चि. कमलाकांत यास आशीर्वाद.

तुझं पत्र काकूकडून तीनदा वाचून घेतलं, माझ्यानं वाचवत नव्हतं. किसनरावाची गाडी जुंपून राहिलो. काकू संगं येते. म्हणते, ज्या पानावर ते मांजर आहे, ते कसं वाजते हे तिले ऐकायचं आहे.