दाढेला जिना कसा कळतो?

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जागेवर आहेत. छातीच्या आतल्या भागाबद्दल एका डॉक्टरांना शंका आहे, ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू ‘मला काय धाड भरलीय’ असंच म्हणणार. म्हणून तुझी दाढ कशी आहे ते विचारतो. काढून टाकलेली नव्हे, तिच्या शेजारची. पहिली काढल्यावरही दुखणं थांबलं नाही, म्हणून जी येत्या शनिवारी काढायची ठरली आहे ती. ताई, ती काढू नकोस! हे अख्खं पत्र त्या दाढेसाठीच आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. फक्त दाढेपर्यंत पोचायला मला चार मजले चढावे लागणार आहेत, तेव्हा नेहमीसारखं शेवटचं पान आधी वाचू नकोस.

तर झालं असं, की सोमवारी सकाळी आमच्या कंपनीत फोन आला: लिफ्ट बंद पडलीय, ताबडतोब माणूस पाठवा. इमारतीच्या चौथ्या मजल्यावर हृदयाच्या डॉक्टरांचा दवाखाना! म्हणजे पेशंटची परीक्षा जिन्यातच सुरू. मी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघालो. लिफ्टचं मशीन गच्चीवरच्या खोलीत असतं, त्यामुळे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लिफ्ट कधीच मिळत नाही, हे रडगाणं तू बावीस वर्षं ऐकते आहेस. तिसऱ्या मजल्यावर मी थांबलो. हल्ली थांबतोच. गेले तीन महिने कुठल्याही इमारतीत तिसरा मजला आला, की कुणीतरी ती पिशवी खांद्यावरून काढून माझ्या छातीवर ठेवल्यासारखं वाटतं, आणि दोन मिनिटं उभं राहिलं की उचलल्यासारखं. कुणी बघितलंच तर मी तारेच्या दोराचा आवाज ऐकतोय असा चेहरा करतो. हिला सांगितलं होतं, पित्त आहे. पित्ताच्या गोळ्याही मन लावून खात होतो. (गोळी खाऊन दोन मिनिटं उभं राहिलं की बरं वाटायचं. न खाता उभं राहिलं तरी वाटायचं, पण हा शोध मला पूर्ण डबी विकत घेतल्यावर लागला.)

दवाखान्यातल्या लोकांनी शहाणपणा करून तिसऱ्या मजल्याच्या वळणावर चार खुर्च्या मांडल्या होत्या. तीन भरलेल्या होत्या, चौथीवर मी बसलो. कपाळाला घाम, हात छातीवर. तेवढ्यात नोंदणीच्या बाई वही घेऊन खाली आल्या. आता आमच्या धंद्यात कुठल्याही इमारतीत शिरलं की नोंद होते, सही होते, पास मिळतो, त्यामुळे मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. नाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. चौदा नंबरचा कागद दिला, तो खिशाला टाचला. वर गेल्यावर नर्सनं वजन केलं. लिफ्टच्या कामात वजन हा महत्त्वाचा विषय, मी फक्त ‘पिशवीसकट की पिशवी सोडून’ एवढंच विचारलं. मग शर्ट काढायला सांगितला. माझ्या शर्टाला ग्रीस, त्यांच्या भिंती पांढऱ्याशुभ्र; मला ते रास्तच वाटलं. मग ती म्हणाली, "काका, जरा आडवे व्हा." ताई, इतकी माणुसकी मला आजवर एकाही इमारतीत कुणी दाखवली नव्हती! हातापायांना चिमटे आणि छातीला वायरी लागल्या, तेव्हा मात्र डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर पंखा फार छान लागत होता, आणि उठून ‘मी मेकॅनिक’ म्हणायची लाज वाटली.

इतक्यात डॉक्टरबाई आल्या. (बारीक, भरभर चालणाऱ्या, आणि दटावण्यात थेट तुझ्या वर्गातल्या.) एका हातात माझा कार्डिओग्राम, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर आमच्या कंपनीची हजेरी चालू. "दोन तास झाले! माझे पेशंट जिन्यात बसलेत! कुठे आहे तुमचा माणूस?"

मी हात वर केला. (त्या हाताला वायर होती.)

नर्स इतकी हसली की तिलाच खुर्ची द्यावी लागली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मेकॅनिक असाल. पण खुर्चीत का बसलात?" मग मी पिशवी, पित्त, दोराचा आवाज, सगळं ओकून टाकलं. त्या म्हणाल्या कार्डिओग्राम ठीक आहे, तसा मी शर्टाकडे हात नेला. "निघालात कुठे? कागद तुम्ही आडवे असतानाचा आहे. तक्रार चढतानाची आहे." अगं, मी टुणकन उठून बसलो! हे तर आमचंच शास्त्र! रिकामी लिफ्ट काय, गुणी मुलीसारखी चालते. खरी तपासणी आम्ही आत वजनं टाकून करतो. मी हे त्यांना सविस्तर समजावलं आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, मला वायरी लावून पट्ट्यावर चालवलं. पट्टा हळूहळू वेग घेतो, चढा होतो. सहाव्या मिनिटाला छातीवर पिशवी आली आणि समोरच्या पडद्यावरची रेघ माझ्या डोळ्यांदेखत खाली वाकली. काय सांगू तुला! बावीस वर्षांत इतका स्वच्छ दोष मी एकाही मशीनमध्ये पाहिलेला नाही. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या एखाद्या नळीत अडथळा असावा म्हणे. चढताना रक्त जास्त लागतं तेव्हा ते पुरत नाही, थांबलं की पुरतं. पित्त बिचारं तीन महिने फुकट बदनाम झालं.

आता दाढ. त्यांनी विचारलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास? मी म्हटलं, बाबा पन्नाशीतच अचानक गेले. भावंडं? म्हटलं, एक मोठी बहीण, ठणठणीत. शुगर आहे तेवढी, आणि दाढ. "दाढेचं काय?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं. मी म्हटलं, विशेष नाही हो, ओल्या कपड्यांची बादली गच्चीवर नेताना जबडा धरून बसते, पाठीतही ओढतं म्हणते, पायरीवर टेकली की थांबतं. पेन थांबलं.

"जेवताना दुखते?"

"नाही."

"गार पाण्यानं?"

"नाही."

"मग दाढेला जिना कसा कळतो हो?"

ताई, मी तुझा भाऊ, मी तुला त्या पायरीवर बसलेलं पाहिलंय, आणि मीच तुला दाताच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. त्या म्हणाल्या, दुखणं छातीतच येईल असं नाही; बायकांना तर पुष्कळदा जबड्यात, पाठीत, हातात येतं, नाहीतर नुसता दम लागतो, मळमळतं. शुगर असली की आणखी लपतं. आणि बायका ते अंगावर काढतात. प्रत्येक दुखरा जबडा हृदयाचा नसतो, तुझाही नसेल. पण चढताना येतं आणि थांबल्यावर जातं, असं दुखणं असलं की दाताआधी हृदय दाखवायचं. आणि हे नीट वाच, मी दोनदा गिरवलंय: बसल्या जागी दुखायला लागलं, थोड्या वेळात थांबलं नाही, किंवा घाम फुटला, दम लागला, चक्कर आली, तर कुणाच्या वेळेची वाट बघायची नाही, मला फोन करायचा नाही, ॲम्ब्युलन्स बोलवून सरळ हॉस्पिटल गाठायचं. तोवर बादलीला हात लावू नकोस. भाऊजींना दोन हात आहेत.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, दाताच्या डॉक्टरांना शनिवारची सुट्टी.

तुझा धाकटा

ता. क. शुक्रवारी सकाळी अकराची डॉक्टरबाईंची वेळ मी तुझ्या नावावर घेऊन ठेवली आहे. लिफ्ट चालू आहे. मला चढायला बंदी, म्हणून कंपनीनं दुसरा माणूस पाठवला आणि त्यानं ती दहा मिनिटांत सुरू केली. दाराच्या फटीत कुणाच्या तरी शर्टाचं बटण अडकलं होतं. या विषयावर मी सध्या कुणाशी बोलत नाही.

ता. क. दुसरा. भाऊजींना फोन केला आहे, त्यामुळे हे पत्र उशीखाली सारून उपयोग नाही. ते म्हणाले, "ती जिन्यात बसते ते मी रोज बघतो रे. मला वाटायचं, माझ्यावर रुसली आहे." शुक्रवारची रजा त्यांनी टाकली.

ता. क. तिसरा. माझी अँजिओग्राफी त्याच सकाळी नऊ वाजता आहे. मनगटातून बारीक नळी घालून आत बघतात, रोजचं काम आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि वर इतक्या उत्साहानं लिहिणारा मी, ते ऐकल्यापासून एकही घास नीट गिळलेला नाही. हिला अजून काहीच माहीत नाही. तिच्या लेखी मी दोन दिवस दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करतोय. आज चार वेळा सांगायला तोंड उघडलं आणि चारही वेळा चहा मागितला. तेव्हा तू गुरुवारी संध्याकाळीच ये. स्वयंपाकघराचं दार लावून घे आणि तिला सांग. मी बाहेर उभा राहीन. तिचं ओरडणं थांबलं की मला हाक मार. रडणं सुरू झालं, तर जरा लवकर मार.