त्या पिक्चरमधली म्हातारी

माय, गेल्या महिन्यात एका रविवारी ऑफिसातल्या बायकांबरोबर मॉलमध्ये पिक्चर पाहिला. तू गेलीस त्याला वीसेक वर्षं होत आली, तरी पिक्चर संपला की अजून मनात येतं, माय काय म्हणाली असती. सुरतेत डिंडोलीच्या आपल्या खोलीसमोर दुपारी गल्लीतल्या बायका साड्यांचे धागे कापायला बसायच्या. हातात कात्री, मांडीवर साडी आणि तोंडी आदल्या दिवशी टीव्हीवर पाहिलेला पिक्चर. कुणी हिरॉईनच्या रडण्याचं कौतुक करते, तू मान वर न करता म्हणतेस, "ती इतली रडस, मंग घरमा सयपाक कोन करस?" सगळ्या हसतात. एकदा सगळ्यांनी छान म्हटलं म्हणून मीही छान म्हटलं, तर तू कात्री खाली ठेवलीस. "लोकेस्नं नको सांगू. तुले काय वाटनं ते सांग." आणि मी काहीतरी बोलेपर्यंत तशीच बघत बसलीस.

या पिक्चरमध्ये एक म्हातारी आहे. मुलाला अपघात झाल्याचं कळून ती आपल्याच खानदेशातल्या गावाहून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात येते आणि दिसेल त्याला विचारते, "मना पोऱ्या कोठे शे?" डॉक्टरला, वॉचमनला, लिफ्टमधल्या माणसाला. प्रत्येक वेळी थिएटर हसत होतं. मुलगा गेलाय हे आम्हा बघणाऱ्यांना आधीच कळलं होतं, तरी हसत होतं. मीही हसले. शेजारणीला ऐकू जाईल इतपत हसले.

सोमवारी डबे उघडले आणि पिक्चरवर बोलणं सुरू झालं. एकीला गाणी आवडली, एकीला शेवट लांबला असं वाटलं. हिशेब बघणारी माझी गुजराती मैत्रीण मला म्हणाली, "तने केवी लागी?" मी म्हटलं, म्हातारीचं काम मजेदार होतं. तेवढ्यावर तिने म्हातारीची नक्कल केली, "मना पोऱ्या कोठे छे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "छे नाही, शे." आणि मी ते वाक्य पूर्ण म्हणून दाखवलं, तुझ्याच हेलात. सगळ्या टाळ्या पिटून हसल्या. हे तुला कुठून येतं, असं तिने विचारलं. मी नाशिकची आहे, असं मी इथे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, "आमच्याकडे एक बाई कामाला यायची. ती असंच बोलायची."

माय, घास गिळला आणि डबा बंद केला. दोन पोळ्या तशाच राहिल्या.

त्यानंतर मैत्रीण येता-जाता मला ते वाक्य म्हणायला लावायची. मी म्हणायचे. शुक्रवारी दुपारी तिने बाहेरून आलेल्या एका व्यापाऱ्यासमोर सांगितलं, "पेली कामवाळीनी बोली बताव ने." तेव्हा मात्र माझ्याने होईना. तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "ती कामवाली नव्हती. माझी आई होती." ती कॉम्प्युटरकडे वळली. मग म्हणाली, "मने खबर नोती." तिचं काय चुकलं होतं? संध्याकाळी निघताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ते वाक्य ऑफिसात कुणी काढत नाही. पिक्चर कसा वाटला, हेही मला कुणी विचारत नाही.

आज हे लिहायला बसले ते तुझ्या बोलीत लिहायचं ठरवून. "माय, मी एक पिक्चर दखा," एवढं लिहिलं आणि पुढचे शब्द येईनात. आठवून बघितलं, पण मध्ये गुजराती यायला लागलं. म्हणून ते पान फाडलं आणि शाळेतल्या मराठीत लिहिलं. हे कुणी तुला वाचून दाखवलं असतं, तर तू विचारलं असतंस, ही कोन बाई शे.